विल्यम मार्शल: पाच राजांची चाकरी केलेला बिनजमिनीचा सरदार

मध्ययुगीन इंग्लंडमधला सगळ्यात नावाजलेला सरदार कोण, असं विचारलं तर तिथले बरेच इतिहासकार विल्यम मार्शलचं नाव घेतील. गंमत अशी, की हा माणूस घरात, दरबारात आणि रणांगणावर फ्रेंच बोलायचा. आयुष्याची कितीतरी वर्षं त्याने आजच्या फ्रान्समध्ये काढली. बायकोकडून आलेली जमीन वेल्स आणि आयर्लंडमध्ये होती. आणि म्हातारपणी, सत्तरीच्या आसपास, तो नऊ वर्षांच्या राजाच्या नावाने अख्खं इंग्लंड चालवत होता.

त्याच्या आयुष्यातले पराक्रम वाचायला मजेदार आहेतच. पण बाराव्या शतकातली सरंजामशाही नेमकी कशी चालायची, हे समजून घ्यायला याच्याइतका सोयीचा माणूस सापडत नाही. जमीन कोणाला मिळायची, युद्धात पैसा कुठून यायचा, शपथ कोणाशी बांधायची आणि एकाच वेळी दोन राजांशी बांधली गेली तर काय करायचं, या सगळ्या प्रश्नांतून तो स्वतः गेला आहे.

आधी नकाशा डोळ्यांपुढे आणू. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या ड्यूकने इंग्लंड जिंकलं. तेव्हापासून इंग्लंडचा राजा हा फ्रान्सच्या भूमीवरचाही मोठा जमीनदार होता. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या ताब्यात इंग्लंडखेरीज नॉर्मंडी, आंजू आणि लग्नातून आलेलं ॲक्विटेन होतं. म्हणजे त्याची सत्ता स्कॉटलंडच्या सीमेपासून पिरेनीज पर्वतापर्यंत पसरलेली. पण समुद्रापलीकडच्या या मुलखासाठी तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक होता. इंग्लंडमध्ये सार्वभौम राजा, फ्रान्समध्ये दुसऱ्या राजासमोर गुडघे टेकणारा ड्यूक. ही गाठ लक्षात ठेवा, मार्शल पुढे तिच्यातच अडकणार आहे.

दुसरी गोष्ट वारसाहक्काची. राजा सरदाराला जमीन द्यायचा आणि बदल्यात ठरावीक संख्येने घोडेस्वार योद्धे, म्हणजे नाइट, मागायचा. जमिनीची वाटणी झाली तर ही फौज पुरवणार कोण? म्हणून ती शक्यतो अख्खी थोरल्या मुलाकडे जायची. धाकट्यांपुढे दोन रस्ते होते: चर्च किंवा तलवार. विल्यम हा बापाचा चौथा मुलगा, जन्म ११४७ च्या आसपासचा. बाप जॉन याच्याकडे राजाच्या तबेल्याची आणि घोड्यांची देखरेख करणाऱ्या मार्शलचं वंशपरंपरागत पद होतं. तेच घराण्याचं आडनाव झालं. पद मानाचं होतं, पण चार मुलांना पुरेल एवढं घबाड त्यात नव्हतं.

विल्यम लहान असताना इंग्लंडमध्ये यादवी चालू होती. गादीवर स्टीफन बसला होता आणि त्याची आतेबहीण... नव्हे, मामेबहीण, पहिल्या हेन्रीची मुलगी मटिल्डा, गादीवर हक्क सांगत होती. विल्यमचा बाप मटिल्डाच्या बाजूचा. ११५२ मध्ये स्टीफनने न्यूबरीच्या गढीला वेढा घातला, तेव्हा जॉनने तह करण्यासाठी मुदत मागितली आणि हमी म्हणून पाचेक वर्षांच्या विल्यमला ओलीस दिलं. मुदत मिळताच त्याने गढीत धान्य आणि माणसं भरली. मुलाला फासावर देऊ अशी धमकी आल्यावर त्याने उलट निरोप धाडला, की याच्याहून चांगली पोरं घडवायला ऐरण आणि हातोडा अजून माझ्याकडे आहेत. स्टीफनला काही पोराला मारवेना. पुढे राजा आणि ओलीस तंबूत बसून झाडाच्या देठांची लुटुपुटुची लढाई खेळत असल्याचंही वर्णन आहे.

ही कहाणी जिथून येते त्या ग्रंथाबद्दल इथेच सांगतो. विल्यमच्या मृत्यूनंतर थोरल्या मुलाने बापाचं चरित्र लिहवून घेतलं. फ्रेंच पद्य, १९,२१४ ओळी. राजा नसलेल्या, पाद्रीही नसलेल्या माणसाचं त्या काळातलं एवढं सविस्तर चरित्र ही दुर्मीळ गोष्ट. त्याची एकमेव प्रत कित्येक शतकं कोणाच्या ध्यानातही नव्हती. फ्रेंच अभ्यासक पॉल मेयर याने १८६१ मध्ये लंडनच्या लिलावात ती ओझरती पाहिली, आणि मग पुन्हा हाती लागेपर्यंत १८८१ उजाडलं. पण मुलाने पैसे मोजून लिहवलेलं चरित्र आहे, हे विसरून चालणार नाही. त्यात विल्यम क्वचितच चुकतो आणि त्याचे शत्रू बहुतेक मत्सरीच असतात. आकडे आणि घटना इतर कागदपत्रांशी बऱ्याच जुळतात. संवाद मात्र जपून घ्यावेत. बापाचा तो ऐरण-हातोड्याचा निरोपसुद्धा.

घोडा मेला, झगा विकला

तेराव्या-चौदाव्या वर्षी विल्यमला नॉर्मंडीला, नात्यातल्या तांकारव्हिलच्या सरदाराकडे पाठवलं. त्या काळी उमराव घरांतली मुलं अशीच दुसऱ्याच्या वाड्यावर वाढायची आणि तिथेच घोडा, भाला, जेवणाच्या पंगतीतले रीतिरिवाज शिकायची. ११६६ च्या सुमाराला तो नाइट झाला आणि लगेच एका चकमकीत नाव काढलं. पण त्यात त्याचा घोडा मारला गेला. संध्याकाळच्या मेजवानीत एका बड्या सरदाराने सगळ्यांदेखत त्याच्याकडे भेट मागितली: एखादा घोड्याचा पट्टा दे, जुना असला तरी चालेल. विल्यम भाबडेपणाने म्हणाला, माझ्याकडे तर काहीच नाही. पंगत हसली. आज तू इतके पाडलेस, मग एकाचाही घोडा किंवा खोगीर कसं नाही घेतलंस, असा त्या थट्टेचा अर्थ होता.

नाइटची सगळी ऐपत त्याच्या युद्धाच्या घोड्यात असे. असा घोडा सामान्य घोड्याच्या कैक पट महाग. तो गेला की नाइट पायउतार, आणि पायी नाइटला कोण विचारतो? विल्यमने आपला चांगला झगा विकून ओझ्याचं एक साधं तट्टू घेतलं. युद्धात शौर्याइतकाच हिशेबही लागतो, हा धडा त्याला विशीत मिळाला आणि तो त्याने मरेपर्यंत गिरवला.

हिशेबाची जागा म्हणजे टुर्नामेंट. सिनेमात दिसतात तसे दोन स्वार लाकडी कुंपणाच्या दोन बाजूंनी धावत येतात, तो प्रकार पुढचा. बाराव्या शतकातला टुर्नामेंट म्हणजे दोन गावांमधल्या मैलोन्‌मैल मोकळ्या रानात, शेतांतून आणि द्राक्षमळ्यांतून चालणारी शेकडो नाइटांची झुंज. हत्यारं खरी असत. हेतू मारण्याचा नसे, पकडण्याचा असे. पकडलेल्या नाइटने घोडा आणि चिलखत द्यायचं किंवा खंडणी भरून सुटायचं. कधी कधी त्याने शब्द दिला तरी पुरे, पैसे मागाहून. इंग्लंडमध्ये दुसऱ्या हेन्रीने हा खेळ बंद ठेवला होता, कारण हत्यारबंद सरदारांचा जमाव त्याला नको होता. म्हणून सगळे उत्तर फ्रान्समध्ये जमत. चर्चची बंदी होती, ती कोणी मनावर घेत नसे.

विल्यमची खासियत म्हणे समोरच्याच्या घोड्याचा लगाम हिसकावून त्याला घोड्यासकट रणाबाहेर ओढत नेण्याची. रॉजर द गोजी नावाच्या एका नाइटशी त्याने चक्क भागीदारी केली: मिळेल ते निम्मं निम्मं. दहा महिन्यांत दोघांनी मिळून १०३ नाइट पकडले. हा आकडा शिलेदारी फुशारकीतला नाही. विल्यम ज्याच्या चाकरीत होता त्या राजपुत्राच्या, तरुण हेन्रीच्या, मुदपाकखान्याच्या कारकुनाने ठेवलेल्या यादीतून तो आला आहे. एकदा टुर्नामेंट संपल्यावर बक्षीस द्यायला लोक त्याला शोधत होते, तर स्वारी लोहाराकडे ऐरणीवर डोकं ठेवून बसलेली. ठोसे खाऊन शिरस्त्राण इतकं चेपलं होतं, की ते निघेचना.

मधल्या काळात त्याचं नशीब उघडणारी एक वाईट घटना घडली. ११६८ मध्ये तो मामासोबत, सॉल्झबरीचा अर्ल (मोठ्या सरदाराचा किताब) पॅट्रिक याच्यासोबत, फ्रान्समधल्या प्वातूमध्ये दुसऱ्या हेन्रीच्या राणीच्या संरक्षणाला होता. ल्यूझिन्यां घराण्याच्या लोकांनी अचानक हल्ला केला आणि मामा पाठीमागून झालेल्या वारात मेला. विल्यम कुंपणाला पाठ लावून एकटा लढला, मांडीत भाला घुसला आणि पकडला गेला. जखमेवर बांधायला कापड नाही. एका गढीतल्या बाईने पावाच्या पोटात तागाच्या पट्ट्या लपवून त्याला दिल्या. शेवटी त्याची खंडणी भरली ती राणी एलिनॉरने. ॲक्विटेनची ही वारसदार आधी फ्रान्सची राणी होती, मग इंग्लंडची झाली. दोन वर्षांनी तिचा थोरला मुलगा, तरुण हेन्री, बापाच्या हयातीतच अभिषिक्त राजा झाला तेव्हा त्याला शस्त्रविद्या शिकवायला विल्यमची नेमणूक झाली.

मुकुट आहे, जमीन नाही

तरुण हेन्रीची अवस्था मोठी विचित्र होती. डोक्यावर मुकुट होता, पदरी माणसं होती, हातात मात्र एक गढीसुद्धा नाही. सगळं बापाकडे. ११७३ मध्ये त्याने आईच्या आणि भावांच्या साथीने बंड केलं, विल्यमही त्याच्या बाजूने बापाविरुद्ध उभा राहिला. बंड फसलं. पण विल्यमला शिक्षा झाली नाही, आणि इथे त्या काळच्या निष्ठेचा पहिला नियम दिसतो. तो तरुण हेन्रीचा माणूस होता, त्याने आपल्या धन्याची साथ दिली. थोरल्या राजालाही यात गद्दारी दिसली नाही. आपण ज्याला देशद्रोह म्हणतो तो यायला देश ही कल्पना लागते. इथे नातं माणसाचं माणसाशी होतं.

११८३ मध्ये तरुण हेन्री पुन्हा बंडात असतानाच हगवणीने वारला, वय २८. जेरुसलेमची यात्रा करण्याचा त्याचा नवस राहिला होता. मरताना आपला क्रूस शिवलेला झगा त्याने विल्यमच्या हाती दिला आणि विल्यम तो घेऊन खरोखर पवित्र भूमीत गेला. तिथल्या दोनेक वर्षांबद्दल चरित्र जवळपास गप्प आहे. एवढं कळतं, की त्याने तिथे टेंपलर या लढवय्या संन्याशांच्या पंथात मरणाआधी सामील होण्याचा शब्द दिला आणि आपल्या अंत्यविधीसाठी रेशमी कापडं विकत घेतली. तेव्हा तो चाळिशीला आला होता, पुढे आणखी तीस-एक वर्षं जगणार होता.

परत आल्यावर दुसऱ्या हेन्रीने त्याला आपल्या चाकरीत घेतलं आणि थोडी जमीन व एका अनाथ वारसदार मुलीचं पालकत्व दिलं. हा सरंजामी व्यवस्थेतला मोठा व्यवहार होता. सरदार मेला आणि मागे फक्त मुलगी राहिली, तर तिचं लग्न कोणाशी लावायचं हे राजा ठरवायचा. जो नवरा होईल तो तिच्या जमिनीचा धनी. म्हणजे राजाला खजिन्यातून छदाम न देता चाकराला गबर करता यायचं. मुलीचं मत विचारात घेतलं जायचं असं फारसं दिसत नाही, आणि आजच्या नजरेला हा बाजारच वाटेल. मला तरी वाटतो. विल्यमने त्या पहिल्या मुलीशी लग्न केलंच नाही. त्याला मोठं स्थळ हवं होतं.

ते मिळण्याआधी ११८९ चा उन्हाळा आला. म्हातारा, आजारी हेन्री ल मां शहरातून पळत होता. मागे त्याचाच मुलगा रिचर्ड, फ्रान्सच्या फिलिप राजाशी हातमिळवणी केलेला. पिछाडी सांभाळणाऱ्या विल्यमने रिचर्डवर भाला रोखला. पूर्ण चिलखत न घालता आलेला रिचर्ड ओरडला, मला मारू नकोस. विल्यम म्हणाला, मी नाही, सैतान मारेल तुला, आणि भाला घोड्याच्या अंगात घातला. काही आठवड्यांत हेन्री मेला आणि हाच रिचर्ड राजा झाला.

नव्या राजाने विल्यमला बोलावून टोकलं, की परवा तू मला मारायला निघाला होतास. विल्यमने उत्तर दिलं, भाला हवा तिथे मारण्याइतका हात अजून ठीक आहे, मनात असतं तर घोड्याऐवजी तुम्हाला मारला असता. रिचर्डने त्याला माफ तर केलंच, शिवाय राज्यातली एक सगळ्यात श्रीमंत वारसदार देण्याचं बापाचं वचनही पाळलं. याला मनाचा मोठेपणा म्हणता येईल, पण त्यामागे रोकडा विचार होता. रिचर्ड लवकरच धर्मयुद्धाला निघणार होता. त्याला मागे ठेवायला अशी माणसं हवी होती, जी हरणाऱ्या धन्यालाही सोडून जात नाहीत. जे ऐनवेळी हेन्रीला सोडून त्याच्याकडे आले, त्यांच्यावर त्याचा भरवसा बसला नाही.

इझाबेल द क्लेअर तेव्हा सतराएक वर्षांची, विल्यम चाळिशी ओलांडलेला. तिचा बाप स्ट्राँगबो हा आयर्लंडमध्ये घुसलेल्या नॉर्मन सरदारांचा म्होरक्या, आई ईफा ही लेन्स्टरच्या आयरिश राजाची मुलगी. तिच्याबरोबर आले वेल्सच्या सीमेवरचा चेपस्टोचा किल्ला, पेम्ब्रोकवरचा हक्क, आणि १०० नाइटांच्या सेवेच्या बोलीवर धारण केलेला लेन्स्टर प्रांत. काल झगा विकणारा माणूस एका लग्नाने राज्याच्या पहिल्या फळीत गेला. चेपस्टोला त्याने नवं प्रवेशद्वार बांधलं. त्याची ओकची भक्कम दारं आजही किल्ल्यात ठेवलेली आहेत आणि युरोपातल्या सगळ्यात जुन्या किल्ले-दारांत त्यांची गणना होते. पेम्ब्रोकचा अर्ल हा किताब मात्र त्याला दहा वर्षांनी, ११९९ मध्ये जॉन गादीवर आला तेव्हा मिळाला.

एक माणूस, दोन धनी

जॉनच्या राज्यात ती सुरुवातीची गाठ आवळली गेली. १२०४ मध्ये फिलिपने नॉर्मंडी जिंकली आणि तिथल्या जमीनदारांना बजावलं: माझ्याशी निष्ठेची शपथ घ्या, नाहीतर जमीन विसरा. विल्यमची नॉर्मंडीत लाँगव्हिल इथे मोठी जमीन होती. त्याने आणि लेस्टरच्या अर्लने फिलिपला प्रत्येकी ५०० मार्क देऊन वर्षभराची सवलत विकत घेतली. मार्क म्हणजे दोन-तृतीयांश पौंड, नाणं नव्हे, फक्त हिशेबाचं माप. मुदत संपल्यावर, १२०५ मध्ये, विल्यमने फिलिपशी समुद्राच्या फ्रान्सकडच्या बाजूच्या जमिनीपुरती शपथ घेतली. जॉनची आधी परवानगी होती असं त्याचं म्हणणं. एवढी मोठी परवानगी नव्हती असं जॉनचं.

लगेच पेच पडला. जॉनने नॉर्मंडी परत मिळवायला फ्रान्सवर स्वारी काढली आणि विल्यमला चल म्हणाला. विल्यम म्हणाला, मी तिथे फिलिपचा माणूस आहे, त्याच्यावर शस्त्र कसं उचलू? जॉनने भर सभेत सरदारांना निवाडा करायला सांगितला. सगळे खाली मान घालून बसले. आज मार्शल, उद्या आपण, हे प्रत्येकाला कळत होतं. जॉनने मग त्याचा थोरला मुलगा ओलीस मागितला, पुढे दुसराही. विल्यमने दोन्ही मुलं दिली. स्वतः लहानपणी ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने त्याने आपली मुलं पाठवली.

चरित्रकार या सगळ्यात विल्यमला निष्कलंक ठरवतो. मला मात्र तो इथे जमिनीच्या लोभाने फार पातळ दोरीवर चालला असं दिसतं. लाँगव्हिलवर पाणी सोडणारे इतर सरदार होते. त्याने ते केलं नाही, आणि नंतर शपथेच्या शब्दांवर बोट ठेवून स्वतःला सोडवलं. तरीही एक फरक राहतोच: त्याने जे केलं ते उघड केलं, रात्रीत बाजू बदलली नाही.

दरबारातून मन उडालेला विल्यम १२०७ मध्ये आयर्लंडला गेला. न्यू रॉस हे बंदराचं गाव आणि किल्केनीचा विस्तार या दोघा नवराबायकोच्या नावावर आहेत. जॉनने त्याला परत बोलावलं, आणि त्याची पाठ वळताच राजाच्या आयरिश कारभाऱ्याच्या माणसांनी मुलखावर हल्ले सुरू केले. निघण्याआधी विल्यमने लेन्स्टरच्या सरदारांना जमवून गरोदर इझाबेलला पुढे केलं होतं: ही तुमच्या धन्याची मुलगी, तुम्हाला जमिनी दिल्या त्या हिच्या बापाने, माझं इथे जे आहे ते हिच्यामुळे. इझाबेलने किल्केनीत ठाण मांडलं, तिच्या माणसांनी हल्लेखोरांना हरवलं. या बाईबद्दल चरित्राने आणखी लिहायला हवं होतं.

जॉनशी हळूहळू समेट झाला तो जॉनला गरज पडली म्हणून. १२१५ मध्ये सरदारांनी बंड करून त्याच्याकडून मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद लिहून घेतली, तेव्हा विल्यम राजाच्या बाजूने वाटाघाटी करत होता. आणि त्याचा थोरला मुलगा? तो बंडखोरांत होता, इतकंच नाही तर सनदेची अंमलबजावणी पाहणाऱ्या २५ सरदारांत होता. बापलेकांचं खरंच फाटलं होतं, की कोणीही जिंको, जमीन घरात राहावी अशी ही व्यवस्था होती, यावर अभ्यासक वाद घालतात. मला दुसरी शक्यता जास्त पटते.

सत्तरीतला कारभारी

पोपने सनद रद्द ठरवली, पुन्हा युद्ध पेटलं. बंडखोरांनी फिलिपचा मुलगा लुई याला इंग्लंडची गादी देऊ केली आणि मे १२१६ मध्ये तो फौज घेऊन उतरला. लंडन त्याच्या हाती गेलं. ऑक्टोबरमध्ये जॉन नेवार्कला वारला. वारस हेन्री नऊ वर्षांचा, खजिना रिकामा, निम्म्याहून जास्त सरदार शत्रूकडे. लंडन हातचं गेल्याने अभिषेक ग्लॉस्टरला उरकावा लागला. त्याआधी विल्यमने पोराला नाइट केलं.

कारभारी कोण व्हावं? विल्यमने वयाची सबब सांगितली आणि दुसरा तगडा उमेदवार, चेस्टरचा अर्ल, येईपर्यंत थांबू म्हणाला. चेस्टरने आल्यावर त्याचंच नाव पुढे केलं. पोपच्या वकिलाने, म्हणजे दूताने, हे काम केल्यास पापांची क्षमा मिळेल असं सांगितलं. त्या रात्री विल्यम आपल्या माणसांना म्हणाला, की सगळ्यांनी सोडलं तर मी या पोराला खांद्यावर घेऊन बेटामागून बेट हिंडेन, भाकरी मागून खाईन, पण सोडणार नाही.

पहिली चाल तलवारीची नव्हती. १२ नोव्हेंबर १२१६ रोजी त्याने आणि पोपचा वकील ग्वाला याने मॅग्ना कार्टा नव्याने जारी केली. राजावर देखरेख करणाऱ्या २५ सरदारांचं कलम वगळलं, बाकी बरंच तसंच ठेवलं. बालराजाची स्वतःची मोहर नव्हती, म्हणून या दोघांनी आपापली उमटवली. ज्या मागणीसाठी बंड झालं ती राजपक्षानेच मान्य केल्यावर लुईसाठी लढायचं कशाला? शिवाय ज्याच्यावर सगळ्यांचा राग होता तो जॉन मेला होता, आणि नऊ वर्षांच्या पोराशी कोणाचं वैर असणार? सरदार एकेक करून परत येऊ लागले, विल्यमचा मुलगाही आला. १२१५ ची सनद जेमतेम दोन-तीन महिने टिकली होती. ती इतिहासात उरली याचं मोठं श्रेय या फेरप्रकाशनाला जातं.

तरी लढावं लागलंच. २० मे १२१७ रोजी लिंकनला. शहर लुईच्या फौजेकडे, किल्ला मात्र निकोला द ला हे या वयस्कर किल्लेदारणीने लढवत ठेवलेला. चरित्राप्रमाणे विल्यमकडे ४०६ नाइट आणि ३१७ चापाच्या धनुष्याचे (क्रॉसबोचे) तिरंदाज होते. सत्तरीचा हा गडी उत्साहाच्या भरात शिरस्त्राण न घालताच निघाला होता, एका पोराने आठवण केली तेव्हा थांबला. अरुंद गल्ल्यांत झुंज झाली, फ्रेंच सेनापती पेर्शचा काउंट शिरस्त्राणाच्या फटीतून डोळ्यात भाला घुसून मेला. तो विल्यमचा दूरचा नातेवाईक. मोठे सरदार बहुतेक जिवंत पकडले गेले, कारण जिवंत सरदार म्हणजे खंडणी. शहरातल्या साध्या माणसांना ही सवलत नव्हती. विजयी फौजेने लिंकन लुटलं, चर्चेसही सोडली नाहीत, आणि नावांतून पळू पाहणाऱ्या बायका-मुलं गर्दीने नावा उलटून बुडाली. विजेत्यांनी या लुटीला ‘लिंकनची जत्रा’ म्हटलं.

ऑगस्टमध्ये सँडविचजवळच्या समुद्रात लुईची कुमक घेऊन येणारा जहाजांचा काफिला उधळला गेला. सप्टेंबरमध्ये तह झाला. विल्यमने लुईला अडकवून ठेवण्याऐवजी १०,००० मार्क देऊन मायदेशी लावलं. तो लवकर जावा, हेच त्याला महत्त्वाचं वाटलं. शत्रूला पैसे देऊन सोडल्याबद्दल नंतर त्याला नावं ठेवली गेली. पण रिकाम्या तिजोरीने युद्ध लांबवण्यापेक्षा हा सौदा स्वस्तच होता.

१२१९ च्या वसंतात तो कॅव्हर्शमच्या आपल्या वाड्यावर अंथरुणाला खिळला. एका नाइटने सुचवलं, की आत्म्याच्या शांतीसाठी लुटीत मिळवलेलं परत करावं, पाद्री तसं सांगतात. विल्यम म्हणाला, पाद्री आमची फारच गुळगुळीत हजामत करायला बघतात. मी पाचशे नाइट पकडले, त्यांचे घोडे आणि हत्यारं घेतली. त्यापायी स्वर्गाचं दार बंद होणार असेल तर माझ्या हातात काही नाही, मला ते परत करता येणार नाही. दुसऱ्या एकाने कपड्यांचा साठा विकून दानधर्म करायला सांगितलं, तर त्याच्यावर चिडला: सणाला माझ्या नाइटांना नवे कपडे मिळतात, या खेपेलाही मिळतील. मग टेंपलरांना दिलेला शब्द पाळायची वेळ आली. त्या पंथात बायकांचा स्पर्श वर्ज्य. त्याने इझाबेलला जवळ बोलावलं आणि म्हणाला, आता शेवटचं चुंबन दे, पुन्हा देता येणार नाही. दोघंही रडली. १४ मे रोजी तो गेला.

लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याला पुरलं. तिथली त्याची म्हणून ओळखली जाणारी दगडी मूर्ती १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात भाजून निघाली, तरी अजून आहे. या चर्चच्या भोवती पुढे वकिलांच्या संस्था वसल्या. त्यांपैकी इनर टेंपलमधून १८९१ मध्ये मोहनदास गांधी बॅरिस्टर झाले.

इझाबेल दुसऱ्याच वर्षी वारली. पाच मुलगे एकामागून एक अर्ल झाले किंवा होता होता राहिले, आणि एकालाही औरस संतती झाली नाही. गिल्बर्ट हा तिसरा मुलगा १२४१ मध्ये एका टुर्नामेंटमध्ये घोड्यावरून फरफटत मेला. बापाने आयर्लंडमधल्या एका बिशपची दोन गावं बळकावली आणि त्याचा शाप भोवला, अशी कथा एका संन्यासी इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. १२४५ मध्ये शेवटचा मुलगा गेल्यावर सारं पाच मुलींच्या वंशात वाटलं गेलं. लेन्स्टरचे कार्लो, किल्केनी, वेक्सफर्ड, किल्डेअर आणि लीश असे पाच तुकडे झाले. मार्शलचं पद थोरल्या मुलीच्या, मॉडच्या, घराकडे गेलं आणि पुढे घराणी बदलत नॉर्फकच्या ड्यूकांकडे आलं. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाची सगळी व्यवस्था याच पदावरच्या ड्यूकने पाहिली.